रेडिओवरची दीड टाळी



२०२५च्या जूनमधल्या एका शुक्रवारी रात्री साडेबारा वाजता सांगलीत माझे बाबा कानाला हेडफोन लावून बसले होते. वय ७३, रक्तदाब आहे, डॉक्टरांनी दहाला झोपायला सांगितलंय. आई दोनदा येऊन "आता पुरे" म्हणून गेली. पण पोरगा बीबीसीवर बोलणार म्हटल्यावर कसली झोप! आणीबाणीत हा माणूस ट्रान्झिस्टरचा आवाज बारीक करून बीबीसीच्या हिंदी बातम्या ऐकायचा. मार्क टली हे नाव आमच्या घरात एखाद्या लांबच्या काकांसारखं घेतलं जायचं. त्याच बीबीसीवर आता आपल्या घरचा आवाज येणार, म्हणून त्यांनी दुपारी गल्लीत दोन-तीन ठिकाणी सांगूनही ठेवलं होतं.

पोरगा बोललाच नाही. तीच गोष्ट आज सांगतो.

इंग्लंडातल्या मंडळींना 'एनी क्वेश्चन्स?' माहीत असेल, निदान गाडीत घरी येताना चुकून लागलं असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात: बीबीसी रेडिओ फोरवर शुक्रवारी रात्री आठच्या बातम्यांनंतर हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होतो. दर आठवड्याला नवं गाव. कधी शाळेचा हॉल, कधी चर्च, कधी नाट्यगृह. टेबलामागे चार पाहुणे, त्यात बहुतेकदा दोन-तीन राजकारणी आणि एखादा पत्रकार किंवा लेखक. समोर गावातली माणसं. प्रश्न त्या माणसांचे, आणि पाहुण्यांना ते आधी माहीत नसतात. ऑक्टोबर १९४८ मध्ये विंचेस्टरला पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा तो फक्त पश्चिम इंग्लंडपुरता होता. जोनाथन डिंबलबी यांनी १९८७ ते २०१९ इतकी वर्षं तो चालवला. आपल्याकडे खासगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्याच पुन्हा लावायच्या. त्यामुळे मंत्र्याला गावातल्या हॉलमध्ये बसवून रेडिओवर थेट जाब विचारायचा, ही कल्पनाच मला सुरुवातीला जरा परग्रहावरची वाटली होती. टीव्हीवरच्या आपल्या चर्चा आठवा. आठ चौकटी, आठ तोंडं, आणि प्रश्न विचारणारा सामान्य माणूस एकाही चौकटीत नाही.

इथेही सगळं पूर्वीपासून मोकळंढाकळं होतं असं समजू नका. १९५०च्या दशकात असा नियम होता, की पुढच्या चौदा दिवसांत जो विषय संसदेत चर्चेला येणार आहे त्यावर रेडिओवर चर्चा करायची नाही. म्हणजे जे बोलण्यासारखं आहे ते सोडून बाकी सगळं बोला! सुएझच्या भानगडीत या नियमाचं हसं झालं आणि १९५६च्या अखेरीस तो बासनात गेला. आणि १९७६ साली बेसिंगस्टोकला इनॉक पॉवेल पाहुणे होते तेव्हा निदर्शकांनी मोठा गोंधळ घातला होता. पॉवेल म्हणजे १९६८चं बर्मिंगहॅमचं भाषण करून आपल्यासारख्यांना परत पाठवा म्हणणारे गृहस्थ. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

तर, कार्यक्रम आमच्यापासून पाऊण तासावरच्या एका शाळेत होणार होता. तिकिटं फुकट असतात, पण ती ज्यांची जागा असते त्यांच्यामार्फत मिळतात. आमच्या शेजारचे आजोबा त्या शाळेचे जुने विद्यार्थी. रेल्वेत सिग्नलचं काम करून निवृत्त झालेत, माझ्या मुलीला बागेतली स्ट्रॉबेरी देतात, आणि माझ्या गवत कापण्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. त्यांच्याकडे दोन तिकिटं होती आणि बायकोला राजकारणाचा कंटाळा. "येतोस का?" म्हणाले. माझा 'हो' त्यांचं वाक्य संपायच्या आत गेला.

कारण माझ्याकडे प्रश्न होता. नुसता होता नाही, महिनाभर तो घशात अडकला होता.

१२ मे २०२५ ला सरकारने इमिग्रेशनची श्वेतपत्रिका काढली. कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे आपण सगळे ज्याला आयएलआर म्हणतो तो, पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी, असा त्यात प्रस्ताव. त्याच दिवशी पंतप्रधान स्टार्मर यांनी 'अनोळखी माणसांचं बेट' होण्याचा धोका बोलून दाखवला आणि लोकांना एकदम पॉवेल आठवले. (त्या शब्दांचा आपल्याला पश्चात्ताप होतो असं ते नंतर म्हणाले. पण श्वेतपत्रिका काही मागे घेतली नाही.) मी स्किल्ड वर्करवर सप्टेंबर २०२१ मध्ये आलो. सप्टेंबर २०२६ ही तारीख आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरमध्ये नसली तरी डोक्यात होती. घर घ्यायचं ते त्यानंतर, नोकरी बदलायची ती त्यानंतर, आईबाबांना मोठ्या सुट्टीवर आणायचं तेही त्यानंतर. आणि दहाचा नियम नव्यांना लावणार की आधीच आलेल्यांनाही, याचं धड उत्तर कुणी देत नव्हतं.

हिशेब हा आपला धंदाच, तो लगेच केला. फेब्रुवारी २०२४ पासून हेल्थ सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६. आम्ही दोघं आणि मुलगी मिळून वर्षाला २,८४६. आणखी पाच वर्षं म्हणजे १४,२३०, आणि यात व्हिसाची फी धरलेलीच नाही. पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा ते 'आणखी पाच वर्षं स्पॉन्सरच्या हातात' हे जास्त बोचत होतं. नोकरी गेली की बॅग भरायची, हे ओझं ज्यांनी वाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आमच्या ऑफिसात एक सीनिअर आहेत, नागपूरचे, २००४ साली एचएसएमपीवर आलेले. ते म्हणाले, "तुमच्या पिढीला वाटतं हे नवीन आहे. आमचे नियम २००६ मध्ये असेच अधेमधे बदलले होते. लोक कोर्टात गेले, एप्रिल २००८ मध्ये हायकोर्टाने सरकारला चूक ठरवलं." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "पण दीड वर्ष झोप नव्हती रे."

प्रश्न लिहायला बसलो. पहिला मसुदा ९४ शब्दांचा झाला. त्यात दोन उपवाक्यं, एक कंस आणि एक 'वरील बाबी लक्षात घेता' होतं. बायकोने वाचून विचारलं, "हा प्रश्न आहे की रिक्वायरमेंट डॉक्युमेंट?" तिची वेगळीच काळजी होती. नाव सांगावं लागेल, रेडिओवर येईल, ऑफिसात कुणी ऐकलं तर? स्पॉन्सर तेच आहेत ना? मी म्हटलं, अगं, प्रश्न सरकारला आहे. ती म्हणाली, "तरी पण कंपनीचं नाव काढू नकोस." हे 'तरी पण' किती वर्षं आपल्यासोबत राहतं बघा. २०२४ च्या जुलैत आम्ही दोघांनी इथल्या संसदेसाठी मत दिलं होतं. कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तो हक्क इथे आपल्याला आहे. सांगलीत मत द्यायचं तर आता परदेशातून नाव नोंदवता येतं, पण मतदानाला स्वतः हजर राहावं लागतं. म्हणजे जिथला नागरिक आहे तिथे मत देणं होत नाही आणि जिथे मत देतो तिथे राहू देतील की नाही ते माहीत नाही. मत देताना भीती वाटली नाही, कारण ते गुप्त असतं. प्रश्न उघड असतो.

गाडीत आजोबांना मसुदा वाचून दाखवला. सिग्नलला थांबल्यावर ते म्हणाले, एका श्वासात म्हणता आला नाही तर तो प्रश्न नाही. मग शाळेच्या पार्किंगमध्ये बसून आम्ही दोघांनी तो कापला. कापताकापता उरलं ते असं: पाच वर्षं सांगून बोलावलेल्या माणसाला चौथ्या वर्षी दहा सांगणं योग्य आहे का? मला वाटलं आजोबा काहीतरी म्हणतील. ते नुसतं "हं" म्हणाले आणि गाडीला कुलूप लावलं.

हॉलमध्ये साधारण तीनशे माणसं असतील. सरासरी वय साठीच्या पुढे, आणि आपल्या रंगाची माणसं मला चार दिसली, त्यात एक मी. दारातच कार्ड देतात, त्यावर प्रश्न आणि नाव लिहायचं आणि परत द्यायचं. मग आत कुठेतरी ती मंडळी सगळी कार्डं चाळतात आणि आपण खुर्चीवर बसून गॅदरिंगच्या बक्षीस समारंभासारखे नाव येतंय का याची वाट बघतो. नावं पुकारायला लागले. पाचवं, सहावं झालं. सातवं माझं! उच्चार इतका विचित्र केला होता की आजोबांनी कोपराने ढोसलं तेव्हा कळलं. आम्हा निवडलेल्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि आपापली कार्डं परत दिली. जसं लिहिलंय तसंच वाचा, नवीन काही जोडू नका, अशी ताकीद मिळाली. आणि सगळ्यांचे प्रश्न होतीलच असं नाही, हेही प्रेमाने सांगितलं. ते वाक्य मी ऐकलं, पण ऐकलं नाही. बाहेर जाऊन बाबांना मेसेज केला: 'नंबर लागला. जागे राहा.'

थेट कार्यक्रमाआधीची वीस मिनिटं हा सगळ्यात मजेचा भाग. आधी आम्हाला टाळ्या वाजवायला शिकवलं. खरंच! आवडलं तर जोरात वाजवा, नाही आवडलं तर तसा आवाज काढा, कारण मान हलवलेली रेडिओवर दिसत नाही. तीनशे माणसांनी मिळून टाळ्यांची तालीम केली आणि कानाला यंत्र लावलेल्या माणसाने काटा बघून मान डोलावली. मग चौघे पाहुणे येऊन बसले. एक सत्ताधारी पक्षाचे खासदार, एक विरोधी पक्षाच्या बाई, एका छोट्या पक्षाचे एक आणि एक स्तंभलेखिका. आवाज तपासायला एक फालतू प्रश्न झाला, त्यावर सगळे फार छान आणि विनोदी बोलले. मला वाटलं, हीच माणसं आठ वाजल्यानंतर वेगळी होतात की काय. झालंही तसंच.

आठ वाजले. लंडनहून बातम्या सुरू झाल्या आणि हॉलमध्ये आम्ही सगळे चिडीचूप. सूत्रसंचालिकेची नजर घड्याळावर. तीनशे माणसं एकही खोकला न काढता बसलीत, आणि पलीकडे लाखभर घरांत कुणीतरी भांडी घासतंय, कुणी गाडी चालवतंय, आणि एक म्हातारा सांगलीत हेडफोन लावून बसलाय. पोटात खड्डा पडला. दहावीच्या निकालानंतर असा पडला नव्हता.

पहिला प्रश्न पेन्शनरांच्या हिवाळी इंधन भत्त्यावर. सरासरी वय सांगितलंच आहे, त्यामुळे तो तेरा मिनिटं चालला. दुसरा मध्यपूर्वेवर, तो आणखी लांबला. मी मनातल्या मनात भागाकार करत होतो. तिसरा प्रश्न विचारायला माझ्या शेजारची बाई उठली, पन्नाशीची, गळ्यात शाळेच्या कर्मचाऱ्यांचं ओळखपत्र. तिचा प्रश्न असा: कायमचं राहायला मिळण्यासाठी दहा वर्षं तरी पुरेशी आहेत का?

माझं कार्ड मांडीवर उलटं पडलं.

एकाच विषयावर दोन प्रश्न एका कार्यक्रमात होत नाहीत, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. विषय माझा, पण प्रश्न तिचा. आणि ती बरोबर माझ्या डाव्या हाताला! सत्ताधारी खासदार म्हणाले की हक्क कमवावा लागतो. विरोधी बाई म्हणाल्या की यांनी फार उशीर केला, आम्ही आधीच म्हणत होतो. छोट्या पक्षाचे गृहस्थ इस्पितळांतल्या नर्सेसवर बोलले. 'कमवावा लागतो'ला टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. माझ्या मागून, म्हणजे आजोबा जिथे बसले होते त्या बाजूनेही. पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला मागे वळून बघता येत नाही. मी हात मांडीवर दाबून बसलो होतो. तेव्हा लक्षात आलं, न वाजवलेली टाळी रेडिओवर ऐकू जात नाही. हॉलमध्ये शंभर जण गप्प बसले असतील, पण घरी ऐकणाऱ्याला वाटणार की सगळा गाव वाजवतोय.

मग स्तंभलेखिका बोलली. ती म्हणाली की ज्यांना आपणच एक नियम सांगून बोलावलं, त्यांच्यासाठी तो अर्ध्यावर बदलणं बरं दिसत नाही. माझं कार्ड तिने वाचलं असतं तरी इतकं जवळ आली नसती. आणि तिचं वाक्य संपलं असं समजून मी टाळी वाजवली. वाक्य संपलं नव्हतं. ती श्वास घेत होती. माझी एक टाळी त्या शांततेत फटाक्यासारखी वाजली, दुसरी अर्ध्यात मी आवरली, आणि तिने पुढे 'पण' म्हणून सुरुवात केली. त्या 'पण'नंतर ती घरांच्या टंचाईवर गेली, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जी टाळी वाजवली ती नक्की कशाला होती ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढे आणखी दोन प्रश्न झाले, शेवटचा हलकाफुलका, पाहुण्यांनी शाळेत केलेल्या खोड्यांवर. सहावा नंबरही राहिला, सातवा तर राहिलाच. पन्नास मिनिटं कुठे गेली कळलं नाही. समारोप, टाळ्या, संपलं.

नंतर चहा-बिस्किटं होती. ती बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, तुमचा राहिला ना, काय होता? मी बोललो नाही, कार्ड दिलं. तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "पण तुम्ही तर इथलेच आहात." मी सांगितलं, नाही, मी व्हिसावर आहे, सरकारी भत्ते मला मिळत नाहीत, कर आणि वर सरचार्ज दोन्ही भरतो. तिला हे माहीत नव्हतं. तिची समजूत अशी, की पहिल्या दिवसापासून सगळं मिळतं आणि पाच वर्षांनी कागद आपोआप घरी येतो. ती काही वाईट बाई नव्हती हो. शाळेत गर्दी वाढली, वर्गाला शिक्षक मिळत नाहीत, आणि तिला कुणीतरी एवढंच सांगितलं होतं. "याचं उत्तर ऐकायला मलाही आवडलं असतं," म्हणाली आणि कार्ड परत दिलं. मत बदललं असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

परत येताना गाडीत बराच वेळ आम्ही गप्प. मग मी विचारलंच, "तुम्ही वाजवली?" आजोबा म्हणाले, हो, खासदाराला वाजवली. त्या लेखिकेलाही वाजवली. मग गिअर बदलत म्हणाले, मला वाटत होतं ते लोक म्हणजे दुसरे कुणीतरी. तुझं सगळं झालेलं असेल असं मी धरून चाललो होतो. चार वर्षं शेजारी राहतो आम्ही. चूक त्यांची की माझी? मी तरी त्यांना कधी सांगितलं होतं? व्हिसाचं रडगाणं आपण आपल्यातच गातो, बार्बेक्यूला त्यांच्यासमोर हवामानावर बोलतो. सोमवारी त्यांनी त्यांच्या खासदाराला पत्र लिहिलं, हाताने, दोन पानी. मला वाचायला दिलं नाही. खासदार आमचे एकच आहेत, त्यामुळे मीही लिहिलं. दोघांना शब्दशः सारखंच उत्तर आलं, फक्त नाव बदलून.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी पुढचा तपशील मांडला. त्यात आधीच इथे असलेल्यांनाही नवा नियम लावायचा आणि पगारासारख्या गोष्टींवर वर्षं कमी-जास्त करायची असा प्रस्ताव होता. म्हणजे माझ्या चिठ्ठीचं उत्तर आलं, पाच महिने उशिरा आणि सांगितलं कुणीच नाही. त्यावर लोकांची मतं मागवली होती, ती आम्ही दोघांनी भरली. या वेळी नाव देताना बायको काही म्हणाली नाही.

बाबांचं राहिलं. त्या रात्री घरी पोचलो तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. फोन करावा की नको या विचारात होतो, तोच त्यांचा आला. मी आधीच माफी मागायला लागलो, की बाबा, नंबरच आला नाही, तुम्ही उगाच जागलात. ते म्हणाले, "ऐकलं की मी तुला."

मी म्हटलं, मी बोललोच नाही.

"अरे, ती बाई बोलताना मध्येच एकाने टाळी वाजवली. एक पूर्ण आणि एक अर्धी. भावे नाट्यमंदिरात तू असाच वाजवायचास. नट श्वास घ्यायला थांबला की तुझी टाळी. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची आणि तुझी आई मला चिमटा काढायची." मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं, तोच होता! मी म्हटलं नव्हतं?"